काचेला चांदीची धुरी: आठ महिन्यांनंतर

बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी आठवा. निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा टाकायचा आणि त्या धुरीवर बाळाला धरायचं. काचकामातलं फ्युमिंग, म्हणजे काचेला धातूची धुरी देणं, तेच. फक्त ओव्याच्या जागी चांदीचा थेंब आणि बाळाच्या जागी तापलेला काचेचा मणी. आईला मी हे असंच समजावलं. ती म्हणाली, "मग चांदी वाया जाते की!"

नाही जात. सगळे सर्वात आधी हेच विचारतात, म्हणून आधी तेच लिहिते. लातूरला क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवते, संध्याकाळी गच्चीवरच्या खोलीत बर्नर लावते. आठ महिन्यांत शंभराच्या वर मणी आणि लोलक झाले असतील. हरभऱ्याएवढी चांदी घेतली होती, ती अजून अर्धी शिल्लक आहे. सोनं गुंजभर आणलं होतं, ते आत्ता कुठे संपलं. खरा पैसा गेला तो बर्नर, भट्टी आणि गॅसवर.

कृती सांगायला दोन ओळींची आहे. बोरोसिलिकेट (थोडक्यात बोरो) या उष्णता सोसणाऱ्या काचेच्या कांडीच्या टोकावर चांदीचा बारीक तुकडा वितळवून चिकटवायचा. ती कांडी ज्योतीच्या सर्वात तापट भागात धरायची आणि मणी त्याच ज्योतीत थोडा पुढे, जिथे वाफ वाहत येते तिथे फिरवत राहायचं. चांदी ९६२ अंशांना वितळते आणि २१६२ ला उकळते, पण वाफ व्हायला उकळावंच लागतं असं नाही. दोरीवरची साडी कुठे उकळून वाळते? सोन्याचा वितळणांक १०६४ अंश, उत्कलनांक चांदीपेक्षा बराच वर, त्यामुळे त्याला ज्योत जास्त कडक लागते. माझ्या छोट्या बर्नरला तिथे धाप लागते.

हात बसायला मात्र दोन महिने गेले. मणी थंड असला तर थर धरत नाही, फार तापला तर बसलेला थर उडून जातो. आणि हावरेपणा केला की संपलं. सुरुवातीला मी चांगली मिनिटभर धुरी दिली, तर मण्यावर पांढुरकी राख बसल्यासारखी दिसली. आता चार-पाच सेकंद देते, थांबते, बघते. ज्योतीत गॅस जास्त झाला तर रंग मळकट येतो, निदान माझ्याकडे तरी.

चांदी कुठली घ्यायची, हा धडा मी आजीच्या तुटलेल्या तोरडीवर शिकले. ज्योत मध्येच हिरवी झाली तेव्हाच कळायला हवं होतं की आत तांबं आहे. रंग आला तो गढूळ. चोख चांदी आणि २४ कॅरेटचंच सोनं लागतं. तुकडा मागायला गेले तेव्हा सराफाने विचारलं, "मॅडम, काय घडवायचंय?" म्हटलं, जाळायचंय. त्यांनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि मुकाट्याने वजन केलं.

आता रंगाबद्दल. या कामाचा मला नाद लागला तो रंगामुळेच. चांदी पातळ बसलेला मणी पांढऱ्या कागदावर पिवळसर दिसतो. तोच मणी काळ्या कापडावर ठेवा, निळा दिसतो. थरातले चांदीचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी लहान असतात. ते निळा प्रकाश अडवतात आणि विखुरतात, म्हणून आरपार येणारा प्रकाश पिवळा दिसतो. ब्रिटिश म्युझियममधला चौथ्या शतकातला रोमन लायकर्गस पेला याच जातीचा. बाहेरून उजेड पडला तर हिरवा, आतून पडला तर लाल. त्याच्या काचेत सोन्या-चांदीचे कण आहेत. सोन्याची धुरी गुलाबीकडे झुकते. धुरी दिल्यावर वरून पारदर्शक काचेचा थर चढवला की रंगाला खोली येते आणि तो घासून जायची भीतीही राहत नाही. काचकामात धुरीची ही पद्धत पसरवण्याचं श्रेय अमेरिकेतल्या बॉब स्नॉडग्रास यांना देतात. आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या संग्रहालयात उत्खननात सापडलेले मणी बघताना मात्र मला उगाच वाटत राहिलं की त्या कारागिराला हे दाखवायला हवं होतं.

फिरोजाबादी बांगड्यांचे तुकडे बोरो काचेवर लावू नका. मी लावले. रात्री मणी अखंड होता, सकाळी दोन भकलं. तापल्यावर साधी काच बोरोच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते, निवताना तितकीच आक्रसते आणि जोड फाटतो.

ज्योत कडक करायला ऑक्सिजन लागतो, त्यासाठी कोरोनाच्या लाटेनंतर पडून असलेला जुना पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर घेतला. लहान मण्यांना पुरतो, मोठ्या लोलकाला नाही. विकणाऱ्याने "नव्यासारखा" म्हणून दिला आणि महिन्यात गाळणी बदलावी लागली, ते असो. वीज गेली की तोही गप्प आणि भट्टीही गप्प. मणी ५६५ अंशांच्या आसपास ठेवून हळूहळू निववायचे असतात, आणि आमच्याकडे वीज नेमकी तेव्हाच जाते. भट्टीभोवती सिरॅमिक लोकर गुंडाळल्यापासून नुकसान कमी झालंय, थांबलेलं नाही.

उन्हाळा हा वेगळाच छळ. मे महिन्यात बेचाळीस अंशांत ज्योतीसमोर बसायचं, आणि कूलर लावता येत नाही. वाऱ्याने ज्योत हलते, मणी एका बाजूने निवून तडकतो. म्हणून मी पहाटे पाचला बसते.

हवेच्या बाबतीत मात्र हयगय नको. चांदीची वाफ छातीत घ्यायची वस्तू नाही. शरीरात चांदी साचत गेली तर कातडी कायमची निळसर-राखाडी होऊ शकते. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. धातूच्या धुराला चालेल अशी गाळणी असलेला मास्क, बर्नरच्या मागे बाहेर फेकणारा पंखा आणि समोरच्या खिडकीतून आत येणारी हवा, एवढं असल्याशिवाय बर्नर पेटवू नका. मी पहिले पंधरा दिवस नुसत्या उघड्या खिडकीवर काढले, तो मूर्खपणा होता.

परवा दुसरी गुंज आणायला गेले. सराफ म्हणाले, "जाळून काय होतं ते दाखवा तरी." पर्समधला लोलक काढून दिला. त्यांनी तो आधी गुलाबी कागदावर ठेवला, मग काळ्या मखमलीवर, परत कागदावर. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "याला घट किती धरायची?"