कावीळ: आधी एलएफटी की सोनोग्राफी?
फोंड्यात कुणाचे डोळे पिवळे दिसले की अर्धे म्हणतात रक्त तपासा, अर्धे म्हणतात थेट सोनोग्राफी. मी म्हणेन आधी एलएफटीच (यकृताची रक्ततपासणी), स्वस्तही पडते आणि दिशा कळते, म्हणजे त्यातलं एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढणारं एन्झाइम) हजाराच्या वर गेलं तर बहुतेक हिपॅटायटीस ए नाहीतर ई, पावसाळ्यात विहिरीचं पाणी न उकळता प्यायलं की होतो तो, आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (त्याच तपासणीतलं दुसरं एन्झाइम) चढलं, अंगाला खाज, शी पांढरट मातीसारखी, तर पित्तनळी तुंबलीय समजा. तिथे मात्र सोनोग्राफीच, फुगलेली नळी दिसते (खालच्या टोकाचा खडा कधीकधी पोटातल्या गॅसमुळे नजरेतून सुटतो, मग एमआरसीपी, म्हणजे पित्तनळीचा एमआरआय). सोबत थंडीताप आणि पोटदुखी असेल तर गावठी औषध राहू दे, सरळ बांबोळीचं सरकारी मोठं हॉस्पिटल गाठा. शेतात चिखलात उतरणाऱ्यांनी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) टेस्ट पण करून घ्या.