लाहीच्या ग्लँडसाठी सत इसबगोल: वर्षभर वापरल्यावर

ही वस्तू कुत्र्यांच्या दुकानातली नाही. माणसांच्या मेडिकलमध्ये मिळणारं साधं, बिनस्वादाचं सत इसबगोल, १०० ग्रॅमचा पुडा. आमची लाही पांढरीशुभ्र पॉमेरियन आहे, वय ८, वजन ७ किलो. तिच्या शेपटीखालच्या ग्लँड सारख्या भरायच्या, म्हणून आमच्या डॉक्टरांनी हे सुरू करायला सांगितलं. आता वर्ष उलटून गेलं तरी पुडा संपायच्या आत दुसरा आणलेला असतो. घरात छोट्या जातीचं कुत्रं आहे आणि ते फरशीवर बूड घासत फिरतंय, अशा सगळ्यांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं, कारण या दुखण्यावर शेजारीपाजारी जे सल्ले देतात त्यातले बरेचसे त्या मुक्या जिवाला आणखी दुखवणारे असतात.

आधी हा त्रास काय, ते सांगते. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात ४ आणि ८ चे आकडे असतात साधारण त्या जागी, कातडीखाली दोन छोट्या पिशव्या असतात, त्याच या ग्लँड. त्यांत उग्र वासाचा स्राव साठतो. कुत्री एकमेकांच्या शेपटीखाली हुंगून ओळख पटवतात ती बरीचशी याच वासावर. घट्ट, भरीव शी बाहेर पडताना या पिशव्यांवर दाब येतो आणि थोडा थोडा स्राव आपोआप निघून जातो. शी सारखी सैल होत असेल तर तो दाब पडत नाही. मग स्राव आत साठतो, दाटतो, पिशवीच्या नळीच्या तोंडाशी अडकतो. त्यापुढे जंतू शिरले की सूज, पू, गळू, आणि गळू फुटलं की शेपटीजवळ उघडी जखम. पॉमेरियन, शिह त्झू, ल्हासा, पग, चिहुआहुआ अशा लहान कुत्र्यांमध्ये हे जास्त दिसतं. वजन वाढलेल्या कुत्र्यांना त्रास अधिक होतो आणि कातडीची किंवा खाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांना तर तो पुन्हा पुन्हा होतो.

लाही चालता चालता मध्येच खाली बसायची आणि दचकून मागे बघायची. शेपटीचा बुडखा चावायची, तिथे सारखं चाटायची. सासूबाईंच्या गोधडीला एक दिवस सुक्या मासळीसारखा वास यायला लागला आणि आमच्या शाकाहारी घरात तो कुठून आला म्हणून सगळ्यांनी शोधाशोध केली. त्या वासाला दुसरा वास नाही. एकदा नाकात बसला की पुढच्या वेळी लगेच कळतं.

डॉक्टरांनी बोट घालून तपासलं, दोन्ही ग्लँड रिकाम्या केल्या, आणि पहिला प्रश्न विचारला तो शीबद्दल. घट्ट होते का? आकार धरते का? उचलल्यावर फरशीवर डाग राहतो का? मला हे फार आवडलं. दाबून रिकामी करणं हा आजचा दिवस निभावण्याचा उपाय आहे. ग्लँड पुन्हा भरते का, ते बरंचसं शीवर अवलंबून आहे आणि ती आपल्या हातात आहे. इसबगोल त्यासाठी.

इसबगोल म्हणजे बियांवरचा भुसा. पीक मुख्यतः गुजरात-राजस्थानचं, आणि व्यापाराची मोठी बाजारपेठ गुजरातेत उंझ्याला. हा भुसा आतड्यात पचत नाही. पाणी धरून ठेवतो आणि त्याची लापशी होते. म्हणूनच तो दोन्हीकडून काम करतो: सैल शी बांधून आणतो आणि खडखडीत कोरडी शी मऊ करतो. शीचा घेर वाढतो, ग्लँडवर सारखा दाब पडतो. लहान कुत्र्याच्या पोटाला रोज चालेल इतकं हे सौम्य आहे.

देण्याची पद्धत मात्र नीट पाळावी लागते. आम्ही सुरुवात चिमटीने केली आणि आठवडाभरात हळूहळू सपाट पाव चमच्यावर आलो, तेही संध्याकाळच्या एकाच जेवणात. हे माप लाहीच्या वजनाला डॉक्टरांनी ठरवून दिलेलं आहे, तुमच्या कुत्र्याचं माप तुमच्या डॉक्टरांना विचारा. पाव चमचा इसबगोल छोट्या वाटीत घेऊन त्यावर चार-पाच चमचे कोमट पाणी घालते आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवते. फुगून त्याचा पारदर्शक, बुळबुळीत गोळा होतो, चमच्याने उचलला तर थरथरतो. तो गोळा तिच्या जेवणात मोडून कालवायचा. वर ठेवला तर ती जिभेने बाजूला सारते. नीट कालवला तर तिला पत्ता लागत नाही, कारण याला ना चव आहे ना वास. कोरडा भुसा कधीच घालू नका. तो घशात किंवा आतड्यात फुगला तर लहान जिवाची अडचण होईल. आणि पाण्याचं भांडं दिवसभर भरलेलं हवं.

फरक दिसायला दोनेक आठवडे लागले. आधी शी आकार धरू लागली, मग उचलताना कागदाला चिकटेनाशी झाली, आणि त्याच्या मागोमाग बूड घासणं कमी झालं. पण याचं सगळं श्रेय मी एकट्या इसबगोलला देणार नाही. त्याच सुमाराला आम्ही तिचं दूध बंद केलं. सासूबाईंचा तिच्यावर फार जीव, रोज सकाळी त्यांच्या हातची दूधपोळी ठरलेली. मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही आणि पोट सैल राहतं, हे डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून समजावलं. आता त्या तिला तांबड्या भोपळ्याची उकडलेली फोड देतात, आणि लाहीला ती दुधाइतकीच प्यारी आहे.

भोपळ्याबद्दल विचारणारे खूप भेटतात, म्हणून दोन शब्द. मीठ, मसाला, फोडणी काही न घालता उकडून कुस्करलेला तांबडा भोपळा, लहान कुत्र्याला एक-दोन चमचे, चांगलाच आहे. मंडईत बारा महिने मिळतो. पण त्यात बहुतांश पाणीच असतं, चोथा कमी. लाहीला नुसत्या भोपळ्याने पुरेसा फरक पडला नव्हता, त्याला इसबगोलची जोड लागली. घरच्या भाजीतली फोड काढून देणं मात्र अजिबात नको, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो.

परदेशी च्युई गोळ्याही वापरून बघितल्या, खास ग्लँडसाठी म्हणून विकतात त्या. डबा दीड हजाराच्या वर. लाही आनंदाने खायची, कारण त्यांना चिकनचा स्वाद होता, आणि तिचं अंग खाजायला लागलं. चिकनचं तिला वावडं असावं असा डॉक्टरांना आधीपासून संशय होता. मुख्य काम करणारा पदार्थ तोच, चोथा. मग स्वाद, रंग आणि डब्यावरच्या चित्राचे पैसे मी का द्यावेत? ज्यांचं कुत्रं इसबगोल घातलेलं जेवण तोंडात धरतच नाही त्यांनी गोळ्या घ्याव्यात, पण मागच्या बाजूची घटकांची यादी वाचून.

इसबगोल घेतानाही हेच सांगेन. संत्र्याच्या किंवा दुसऱ्या स्वादाचं, साखर किंवा गोडी आणणारं काही घातलेलं पाकीट आणू नका. झायलिटॉल नावाची कृत्रिम साखर कुत्र्याचा जीव घेऊ शकते. आमच्या साताऱ्याच्या पावसाळ्यात उघडा पुडा ओल धरतो, गुठळ्या होतात, म्हणून आणल्या आणल्या स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ओतायचा. कुत्र्याला दुसरं औषध चालू असेल तर दोन तासांचं अंतर ठेवायचं, नाहीतर इसबगोल ते औषध अंगी लागू देत नाही. माप वाढवलं तर पोटात वारा धरतो आणि शी नको इतकी वाढते. जास्त घातलं की जास्त गुण, असा हिशोब इथे चालत नाही.

आता दाबण्याविषयी, कारण घरी सांभाळायचं म्हटलं की लोक पहिलं तेच विचारतात. मला डॉक्टरांनी स्वतःचा हात माझ्या हातावर ठेवून शिकवलं आणि मगच मी केलं. व्हिडिओ बघून कुणी सुरू करू नये. हातात नायट्राइलचे पातळ रबरी हातमोजे, घरातल्या एकाने पुढून कुत्र्याला कुशीत धरलेलं, शेपटी वर. अंगठा आणि तर्जनी ४ आणि ८ च्या जागी ठेवून आधी हलकेच आत, मग वर, मग एकमेकांकडे. वर ओला कापूस धरायचा, कारण स्राव सरळ अंगावर उडतो. पातळ, पिवळसर किंवा तपकिरी आला तर ठीक. टूथपेस्टसारखा घट्ट आला तर तो साठलेला आहे, डॉक्टरांच्या कानावर घालायचं. पू किंवा रक्त दिसलं तर हात तिथेच थांबवायचा. हलक्या दाबाने काही आलं नाही तरी थांबायचं, जोर नाही करायचा. बाहेरून दाबून ग्लँड पूर्ण रिकामी होतेच असं नाही, बोट आत घालून होते, आणि ते काम डॉक्टरांचं.

आणि त्रास नसलेल्या कुत्र्याची ग्लँड कुणाला दाबू देऊ नका. एका ग्रूमिंग पार्लरमध्ये आंघोळ आणि नखांबरोबर ग्लँड दाबून देणं फुकट होतं. लाहीला तिथून आणली तेव्हा ती शेपटी पोटाखाली घालून पलंगाखाली जाऊन बसली, संध्याकाळपर्यंत बाहेर येईना. विनाकारण दाबत राहिलं तर ती जागा सुजते आणि नसलेलं दुखणं मागे लागतं. पार्लरमध्ये आता मी आधीच सांगते, शेपटीखाली हात लावायचा नाही.

पुसायला बिनवासाचे ओले वाइप्स किंवा कोमट पाण्यात भिजवलेला मऊ सुती कपडा. डेटॉल, फिनेल, हळद-तेलाचा लेप, काही नको. ती कातडी फार नाजूक असते आणि कुत्रं ते सगळं चाटून पोटात घेतं.

इसबगोल कुठे हात टेकतं तेही सांगायला हवं. एका बाजूला लाल, गरम, टणक फुगवटी दिसली, हात लावल्यावर कुत्रं ओरडलं, खाणं सोडलं, ताप वाटला, तर ते गळू असू शकतं. तेव्हा दाबायचं नाही, भोपळा-इसबगोल करत घरी थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. निघेपर्यंत कोमट पाण्याच्या कपड्याने दहा मिनिटं शेक दिला तर थोडा आराम पडतो. माणसांची दुखीची गोळी चुकूनही द्यायची नाही; आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक आहे. पार्श्वभागाला तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर ते पट्टकृमीचे तुकडे, मग बूड घासण्याचं कारण जंत आहेत आणि औषध जंतांचं लागेल. वयस्कर कुत्र्याला तिथे गाठ लागत असेल, किंवा त्याचं पाणी पिणं एकाएकी वाढलं असेल, तर अजिबात वेळ घालवू नका. या ग्रंथींना कर्करोगही होतो आणि त्यात रक्तातलं कॅल्शियम वाढून तहान वाढते. लाही आठ वर्षांची झाली म्हणून आम्ही आता दर तपासणीत डॉक्टरांना आतून चाचपून बघायला सांगतोच.

वारंवार गळू होणाऱ्या कुत्र्याच्या पिशव्या ऑपरेशन करून काढतात. पण तिथल्या नसांना धक्का लागला तर शीवरचा ताबा जाण्याचा धोका असतो, म्हणून ते अनुभवी हाताकडूनच व्हावं. आमच्या जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. वेळ आलीच तर आधी तिथे दाखवायचं असं आम्ही ठरवून ठेवलंय.

माझ्याकडून सत इसबगोलला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो पुड्यावर कुत्र्यासाठीचं माप कुठेच नसतं म्हणून. आपल्या मनाने चमचाभर घालणारे मी बघितले आहेत. पहिल्यांदा घेताना ५० ग्रॅमचाच पुडा घ्या. सात किलोच्या कुत्र्याला तो बरेच दिवस पुरतो, आणि तेवढ्यात त्याच्या पोटाला मानवतं की नाही ते कळतं.