तंबूत झोपायचंय? आधी पाठीखालचं ठरवा

डिसेंबर आला की निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर झळकतो आणि ग्रुपमधलं कुणीतरी म्हणतं, "भंडारदऱ्याला तंबूत राहू या." मग खरेदी सुरू होते आणि बहुतेकांचे पैसे पांघरुणावर जातात. माझेही गेले होते. पण तंबूत थंडी बोचते ती खालून. ऊब धरते ती पांघरुणात अडकलेली हवा. स्लीपिंग बॅगचा अंगाखालचा भाग वजनाने चपटा झाला की तिथली हवा जाते आणि मग बॅग कितीही महागाची असो, पाठ गारच.

सगळ्यात स्वस्त म्हणजे फोमची मॅट, गुंडाळायची किंवा घडीची. पंक्चरची भानगड नाही, वजन नगण्य, सॅकला बाहेरून बांधली की झालं. मॅट घेताना आर-व्हॅल्यू बघा. अंगातली उष्णता जमिनीत जायला मॅट किती अडवते, त्याचा हा आकडा. चांगल्या फोम मॅटचा तो 2 च्या आसपास असतो. हरिहर, साल्हेर अशा गडांवर सगळं पाठीवर वाहायचं असेल तर हिला पर्याय नाही. मात्र कुशीवर झोपणाऱ्यांचा खांदा आणि कंबर सकाळी बोलते. घरातली योगा मॅट चालेल का, असं सगळेच विचारतात. एकटी नाही चालत, फार पातळ असते.

दुसरी, पंपाने फुगवायची डबल गादी. दुकानात तिच्यावर लोळून बघितलं की दुसरं काही घ्यावंसं वाटत नाही. आम्हीही तीच घेतली आणि भर डिसेंबरात धरणाकाठी अंथरली. पहाटे तीनला बायको म्हणाली, "ही गादी आहे की पाण्याची पिशवी?" गादी फुटली नव्हती. दुपारी 28 अंशांत भरलेली हवा पहाटे 8 अंशांवर आली की साधारण 7 टक्के आकसते, तेवढ्यात गादी ढिली पडते. शिवाय आतली मोकळी हवा फिरत राहते आणि अंगाची ऊब जमिनीला देऊन टाकते. साध्या हवेच्या गादीची आर-व्हॅल्यू जेमतेम 1. एकाने कूस बदलली की दुसरा हेलकावतो, ते वेगळंच. पण मेअखेरीस काजवे बघायला जाल तेव्हा हाच गारवा सुखाचा वाटतो. घरी पाहुणे आले तरी ती उपयोगी पडते, म्हणून अजून ठेवली आहे.

तिसरी सेल्फ-इन्फ्लेटिंग मॅट. आत स्पंज असतो, झडप उघडली की तो फुलून हवा ओढून घेतो, वर दोन-चार फुंकरा मारायच्या. जाडीप्रमाणे आर-व्हॅल्यू 3 ते 5. आपल्याकडच्या थंडीला 3 पुरे. महाग आहे, वजनदार आहे आणि काटा टोचला तर गेलीच. गाडी तंबूपर्यंत जाणार असेल आणि वर्षातून चार-पाच वेळा जाणार असाल तरच घ्या.

एकदाच जाऊन बघायचं असेल तर माझं मत फोम मॅट आणि तिच्यावर घरची जाड गोधडी. थरांवर थर आले की आर-व्हॅल्यूची बेरीज होते, गोधडी हाडांनाही सांभाळते. फक्त ती कोरडी राहायला हवी. थंडी वाजते म्हणून तंबूच्या सगळ्या चेनी लावल्या की श्वासातली वाफ छताला धरते आणि पहाटे अंगावर टपकते. वरची जाळी थोडी उघडी ठेवाच. आणि तंबूत शेगडी, निखारे अजिबात नकोत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतला माणूस उठत नाही.

एवढं झाल्यावर पैसे उरले तर स्लीपिंग बॅग. पाकिटावर मोठ्या अक्षरात उणे 5 लिहिलेलं असतं, पण तो आकडा बऱ्याचदा जेमतेम जीव वाचण्यापुरता असतो. बारीक अक्षरातला 'कम्फर्ट' आकडा शोधा. 5 अंशांच्या आसपास असेल तर आपल्या बहुतेक रात्री निभतात. उशी विकत घेऊ नका. बॅगेच्या पिशवीत स्वेटर कोंबून तिला टी-शर्ट घाला.