रास्पबेरी पाय ४ आणि ५ चा कार्ड स्लॉट: वेग आहे, पण तो मिळतोय का ते बघा

रास्पबेरी पाय ५ या छोट्या संगणक-बोर्डाचा मायक्रोएसडी स्लॉट एसडीआर१०४ मोड चालवतो, म्हणजे सेकंदाला १०४ एमबीची वरची मर्यादा. पाय ४ डीडीआर५० वर थांबतो, तिथे मर्यादा ५० ची. पाय ३ ला १.८ व्होल्टचा सिग्नलच नव्हता. तो ३.३ व्होल्टच्या हाय स्पीड मोडमध्ये, २५ वर अडकलेला. सलग वाचनात हातात पडतं ते याहून थोडं कमी: पाय ५ वर ८५-९०, पाय ४ वर ४०-४५, पाय ३ वर २२-२३. कार्ड तिन्हीकडे तेच घाला, आकडे बोर्ड ठरवतो.

त्यामुळे पाकिटावरच्या '१७० एमबी' किंवा '२०० एमबी'ला भुलून जास्त पैसे मोजू नका. यूएचएस-१ (एसडी कार्डांच्या जलद मोडचा वर्ग) कार्डांवरचे १०४ च्या वरचे आकडे कंपन्यांच्या स्वतःच्या, प्रमाणाबाहेरच्या मोडमधले असतात आणि त्यासाठी तो मोड चालवणारा कार्ड रीडर लागतो. पाय ५ वर असं कार्ड गुपचूप एसडीआर१०४ वर येतं. यूएचएस-२ कार्डांच्या पिनांची दुसरी ओळ तर या स्लॉटमध्ये कशालाच टेकत नाही.

या स्लॉटचं खरं कौतुक व्होल्टेजच्या हाताळणीसाठी करायला हवं. प्रत्येक कार्ड ३.३ व्होल्टच्या सिग्नलवर आणि ४०० किलोहर्ट्झच्या आत जागं होतं. कर्नल (लिनक्सचा गाभा) सुरुवातीच्या बोलणीत १.८ व्होल्टची विनंती करतो आणि कार्डाने होकार दिला की सीएमडी११ ही व्होल्टेज बदलायची आज्ञा पाठवतो. मग कार्ड डेटाच्या चारही रेषा खाली ओढतं, क्लॉक थांबतो, होस्ट (म्हणजे बोर्ड) आपला सिग्नल १.८ वर आणतो, क्लॉक पुन्हा सुरू होतो आणि कार्डाने १ मिलिसेकंदात रेषा वर सोडायच्या असतात. क्लॉक किमान ५ मिलिसेकंद बंद ठेवा असं एसडीचं प्रमाण सांगतं; लिनक्स १० थांबतो. हा उदारपणा योग्यच आहे, कारण रेग्युलेटर सावकाश स्थिरावतो. पाय ४ च्या डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला बोर्डावरच्या हार्डवेअरची माहिती देणारी फाइल) त्या रेग्युलेटरला ५००० मायक्रोसेकंद दिलेले आहेत.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: १.८ वर येतात त्या फक्त सिग्नलच्या रेषा. कार्डाचा मुख्य पुरवठा ३.३ च राहतो. म्हणून डिव्हाइस ट्रीमध्ये दोन वेगळे पुरवठे लिहावे लागतात, व्हीएमएमसी (कार्डाचा) आणि व्हीक्यूएमएमसी (सिग्नलचा). पाय ४ वर पहिला जीपीआयओने (सॉफ्टवेअरच्या ताब्यातली पिन) बंद-चालू करता येतो, दुसरा जीपीआयओनेच ३.३ आणि १.८ मध्ये फिरतो.

पहिला बंद करता येणं हे दिसतं त्याहून फार महत्त्वाचं. एसडी कार्डाला रीसेटची पिन नसते. एकदा १.८ वर गेलेलं कार्ड परत ३.३ वर आणायचं तर त्याची वीजच तोडावी लागते. ही सोय नसलेल्या बोर्डावर रीबूट केलं की बूटलोडर (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्रॅम) ३.३ ने बोलतो, कार्ड १.८ वर बसलेलं असतं आणि मशीन अडकतं. प्लग काढून लावला की सगळं ठीक, त्यामुळे दोष कार्डाच्या माथी मारला जातो. कॉम्प्युट मॉड्यूल ४ लाइटसाठी (दुसऱ्या बोर्डावर बसवायचा पाय ४) कॅरिअर बोर्ड, म्हणजे तो खालचा बोर्ड, घेताना किंवा बनवताना हेच आधी तपासा: मॉड्यूलच्या 'एसडी पॉवर ऑन' पिनवर पॉवर स्विच आहे, की कार्ड थेट ३.३ ला जोडून टाकलंय? स्विच असला तरी कपॅसिटरमधला उरलेला चार्ज आणि पुल-अप रेझिस्टरमधून झिरपणारा करंट कार्डाला अर्धवट जागं ठेवू शकतो. वीज तोडल्यावर पुरवठा ०.५ व्होल्टच्या खाली किमान १ मिलिसेकंद राहायला हवा. तो ऑसिलोस्कोपवर बघा. वेळ कमी पडत असेल तर फिक्स्ड रेग्युलेटरला 'ऑफ-ऑन-डिले' द्या.

आता तक्रार. ती बोर्डापेक्षा कर्नलच्या स्वभावाबद्दल आहे. व्होल्टेज बदल फसला की कर्नल वीज तोडून पुन्हा प्रयत्न करतो, अनेकदा. प्रयत्न संपले की 'स्किपिंग व्होल्टेज स्विच' एवढी एक ओळ लॉगमध्ये टाकून ३.३ वर पुढे जातो. बूट होतं हे चांगलंच, पण वेग निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. स्वतः बनवलेल्या बोर्डावर व्हीक्यूएमएमसी रेग्युलेटर १.८ देऊ शकत नाही असं दिसलं, तर एसडीएचसीआय ड्रायव्हर (कर्नलमधला कार्ड स्लॉट चालवणारा भाग) यूएचएसच्या सगळ्या क्षमता आधीच पुसतो आणि तेव्हा तर ती ओळही येत नाही.

म्हणून तपासणी स्वतःच करावी लागते. डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) कार्डाच्या ओळीत 'डीडीआर५०' किंवा 'एसडीआर१०४' असं यायला हवं. नुसतं 'न्यू हाय स्पीड' आलं तर तुम्ही ३.३ वर आहात. पूर्ण चित्र डीबगएफएसमधल्या (कर्नलची आतली स्थिती दाखवणारा फोल्डर) एमएमसी० च्या 'आयओएस' फाइलमध्ये मिळतं. तिथे फक्त क्लॉक बघून समाधान मानू नका: हाय स्पीड आणि डीडीआर५० दोन्हीकडे तो ५० मेगाहर्ट्झच दिसतो. 'टायमिंग स्पेक' बघा (६ म्हणजे एसडीआर१०४, ७ म्हणजे डीडीआर५०, २ म्हणजे साधा हाय स्पीड) आणि 'सिग्नल व्होल्टेज' १ आहे ना ते बघा. 'व्हीडीडी' ओळीत ३.३ दिसलं तर घाबरू नका, ते तसंच असायला हवं.

लॉगमध्ये एरर -११० आली तर कार्ड उत्तरच देत नाहीये. आधी वीज आणि व्होल्टेज बदल तपासा. -८४ म्हणजे उत्तर आलं पण सीआरसी (डेटा बरोबर पोचला का हे तपासणारा आकडा) चुकला, तेव्हा संशय रेषांवर: स्लॉटमधली धूळ, मायक्रोएसडीची लांब एक्स्टेंशन केबल. एसडीआर१०४ वर अशी केबल लावूच नका. तिथे क्लॉक २०८ मेगाहर्ट्झपर्यंत जातो आणि नमुना कधी घ्यायचा हे ट्यूनिंगने ठरतं. केबल हलली की ते गणित बिघडतं. दोष १.८ मध्येच आहे का हे पाहायचं असेल तर बूटच्या ओळीत एसडीएचसीआय मॉड्यूलच्या 'डीबग क्वर्क्स२' पॅरामीटरला ४ द्या, १.८ बंद होतं. मात्र हे पॅरामीटर ड्रायव्हरचे बाकीचे क्वर्क्स (हार्डवेअरच्या खोडींसाठीच्या खास सूट) पुसून स्वतः बसतं, त्यामुळे परीक्षेपुरतंच वापरा. कायमचा उपाय म्हणजे डिव्हाइस ट्रीमधलं 'नो-१-८-व्ही'.

पाय ५ वर ए२ कार्डांचं (ए१, ए२ हे ॲप चालवण्याच्या वेगाचे वर्ग) कमांड क्यूइंगही, म्हणजे अनेक आज्ञा एकदम रांगेत देणंही, चालतं. काही ए२ कार्डांचं फर्मवेअर त्यात गडबडतं, म्हणून मुळात ते खात्रीच्या कार्डांनाच दिलं जातं. तरीही लिहिताना अडखळणं दिसलं तर कॉन्फिग फाइलमध्ये 'एसडी_सीक्यूई' ० करून बघा.

खरेदीचं सांगायचं तर पाय ४ साठी कुठलंही नामांकित ए१ यूएचएस-१ कार्ड पुरे, त्याहून महागाचा उपयोग नाही. पाय ५ साठी ए२ घ्या. रास्पबेरी पायने २०२४ मध्ये आणलेली स्वतःची ३२, ६४ आणि १२८ जीबीची कार्डं ए२ आहेत आणि डीडीआर५० व एसडीआर१०४ दोन्हींसाठी बनवलेली आहेत. दुकानातून आणलेलं कार्ड पहिल्यांदा लावाल तेव्हाच 'आयओएस' बघा, म्हणजे बदलून घ्यायची मुदत हातात असते.