घरी प्रोजेक्टर हेडलाइट बसवायचेत? हॅलोजन, एचआयडी की बाय-एलईडी

गाडी स्वतः बांधणाऱ्याला एक चैन असते जी कंपनीची गाडी घेतलेल्याला नसते, ती म्हणजे हेडलाइटचं हाउसिंग (दिव्याचा अख्खा डबा, पुढच्या काचेसकट) कुठलं लावायचं हे त्याच्याच हातात असतं. आणि बहुतेक जण नेमकं हेच वापरत नाहीत, लुमेनचे (म्हणजे एकूण उजेडाचे) आकडे बघून आधी प्रोजेक्टर घेऊन बसतात आणि मग तो कुठे कोंबायचा याच्या मागे लागतात. माझं सरळ म्हणणं आहे, आधी हाउसिंग ठरवा, मग त्यात कुठला प्रोजेक्टर नीट मावतो ते बघा, बल्ब की एलईडीची चिप हा वाद सगळ्यात शेवटी.

पण त्याआधी प्रोजेक्टर करतो काय ते थोडक्यात, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मागे लंबगोल वाटी असते, तिच्या एका फोकसवर उजेड तयार होतो आणि दुसऱ्या फोकसजवळ गोळा होतो, तिथेच एक पातळ पत्रा उभा असतो (शील्ड म्हणतात त्याला) आणि पुढची जाड भिंगाची काच त्या पत्र्याच्या कडेचं चित्र उलटं करून रस्त्यावर फेकते. भिंतीवर दिसणारी ती धारदार रेघ, कटऑफ, म्हणजे त्या पत्र्याचीच कड. बाय-झेनॉन (म्हणजे एचआयडी बल्बवाला) किंवा बाय-एलईडी मधला 'बाय' म्हणजे अप्पर मारला की छोटा सोलेनॉइड (विजेवर ओढणारं चुंबक) तो पत्रा बाजूला करतो, त्यामुळे लो आणि हाय दोन्ही एकाच भिंगातून.

यातून एक गोष्ट आपोआप कळते. उजेडाचा स्रोत फोकसवरून जरासा जरी हलला तरी खेळ बिघडतो. म्हणून साध्या रिफ्लेक्टरच्या वाटीत एलईडी बल्ब खुपसणे हा पर्याय मी तुलनेत धरतच नाहीये, त्या वाटीचा आकार तारेच्या फिलामेंटसाठी काढलेला असतो, चिपची जागा आणि आकार वेगळा, मग उजेड रस्त्यापेक्षा समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जास्त. आपल्याला वाटतं लय भारी उजेड पडतोय, कारण गाडीच्या पुढ्यातलं दहा-पंधरा फूट लख्ख दिसतं, आणि लांबचं काहीच नाही.

आता हाउसिंग. तुमच्या बिल्डच्या तोंडाला चालत असेल तर ७ इंची गोल दिवा घ्या, डोळे झाकून. जुन्या जीपपासून मोटरसायकलपर्यंत सगळीकडे हे माप चालत आलंय, सपाट स्वच्छ काचेची, प्रोजेक्टर आधीच बसवलेली तयार युनिटं मिळतात, काही उघडायचं नाही, काही चिकटवायचं नाही, बिघडला तर काढून दुसरा लावला. सगळे कस्टमवाले म्हणतात की त्यात मजा नाही. खरंय, पण गाडी अजून अर्धी बाकी असताना दिव्यावर किती वेळ घालवायचाय तेही बघा.

दुसऱ्या कुठल्या गाडीचं हाउसिंग घेऊन त्यात प्रोजेक्टर टाकायचा असेल तर दोन गोष्टी बघूनच घ्या. एक, पुढची काच साधी हवी, रेघा रेघांची काच असेल तर प्रोजेक्टरचा कटऑफ तिच्यातून जाताना फिसकटतो, सगळी मेहनत पाण्यात. दोन, काच कशाने चिकटवलीये. ब्युटाइल (रबरासारखा चिकट मसाला) असेल तर ते गरम केल्यावर च्युइंगगमसारखं ताणलं जातं आणि काच सुटते, १०० ते ११० अंशाच्या आसपास आठ-दहा मिनिटं पुरतात, त्याआधी स्क्रू, क्लिपा, बल्ब, मागची रबरं सगळं काढलेलं हवं. याच्या फार वर गेलात तर मागचं प्लास्टिक वाकडं होतं. आणि ज्या ओव्हनमध्ये खायचं करता त्यात हे करू नका, जुना वेगळा ओव्हन नसेल तर हीट गन घेऊन हळूहळू कडेकडेने फिरवा. कायमच्या सीलंटने चिकटवलेली काच मात्र गरम करून सुटत नाही, कापावी लागते, ते पहिल्याच खेपेला घरी करण्याच्या भानगडीत पडू नका.

आतली चकाकी हाताने पुसायला जाऊ नका हेही सांगून ठेवतो. तो अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो, बोट लागलं म्हणून कोणी कापड घेऊन घासतं आणि बोटाच्या डागाच्या जागी मोठा धुरकट पट्टा तयार होतो. धूळ असेल तर हवा मारा, बस.

आता तिघांची तुलना.

हॅलोजन प्रोजेक्टर सगळ्यात साधा. एच७चा ५५ वॉटचा बल्ब, साधारण १५०० लुमेन, बॅलास्ट (एचआयडी बल्बला वीज पुरवणारा डबा) नाही, ड्रायव्हर (एलईडीची वीज सांभाळणारं सर्किट) नाही, आहे त्या वायरिंगवर चालतो, बल्ब गेला तर कुठेही मिळतो. पण शील्ड बराच उजेड खाऊन टाकते, त्यामुळे मुळात कमी असलेला उजेड आणखी कमी होतो आणि एखाद्या चांगल्या रिफ्लेक्टरपेक्षा हा मंद वाटू शकतो. कटऑफ छान, बाकी निराशा. गाडी शहरातच फिरणार असेल तर ठीक, नाहीतर एवढा खटाटोप करून हा बसवण्यात मला अर्थ वाटत नाही.

एचआयडी, म्हणजे बाय-झेनॉन. यात तार नसते, गॅसमधून जाणाऱ्या विजेच्या ठिणगीने उजेड पडतो. डी२एस बल्ब ३५ वॉट घेतो आणि ३२०० लुमेनच्या आसपास देतो, म्हणजे कमी वीज आणि दुपटीहून जास्त उजेड. रंग ४३०० केल्विनच्या जवळपासचाच घ्या, ६००० आणि ८००० वाले निळसर दिसतात, लोक वळून बघतात पण रस्त्यावर पडणारा उजेड कमीच होतो. उजेडाचा पसारा, लांबवरची पकड, यात चांगल्या बाय-झेनॉनला अजूनही तोड द्यायला तसाच तगडा बाय-एलईडी लागतो. त्रास काय तर सामान वाढतं. बॅलास्टला पाणी लागणार नाही अशी पक्की जागा शोधायची, चालू होताना विजेचा झटका मोठा असतो म्हणून बॅटरीवरून थेट फ्यूज आणि रिलेवाली वायरिंग टाकायची, आणि बल्ब पेटवायला २० हजार व्होल्टच्या वरचा झटका लागतो, तेव्हा स्विच चालू असताना त्या कनेक्टरला हात लावायचा नाही म्हणजे नाही, ती वायर कापून लांब करायची तर नाहीच. पूर्ण उजेडावर यायला काही सेकंद जातात. बल्ब जुना होत गेला की रंग बदलतो, म्हणून बदलताना जोडीच बदलायची.

बाय-एलईडीत चिप कारखान्यातच फोकसवर पक्की बसवलेली असते, त्यामुळे बल्ब वाकडा बसला वगैरे प्रश्नच येत नाही, बटण दाबलं की लगेच पूर्ण उजेड, बॅलास्ट नाही, फार तर छोटा ड्रायव्हर. घरी पहिल्यांदा करणाऱ्यासाठी माझं मत यालाच. पण बाय-एलईडीची सगळी दुखणी मागच्या बाजूला असतात. चिपची उष्णता मागे निघते, तिथे हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) आणि पंखा, त्यामुळे युनिट लांब होतं आणि हाउसिंगचं मागचं झाकण बसत नाही, तेव्हा विकत घ्यायच्या आधी आतली खोली पट्टीने मोजा. बंद डब्यात हवा खेळली नाही तर स्वस्तातलं युनिट गरम होऊन अर्ध्या तासात स्वतःच उजेड कमी करतं, म्हणून दुकानात दोन मिनिटं लावून दाखवलेल्या उजेडावर भाळू नका. खोक्यावरचे लुमेन बहुतेक वेळा नुसत्या चिपचे असतात, भिंगातून बाहेर पडलेले नाहीत. काच गरम होत नाही, त्यामुळे बर्फाच्या प्रदेशात ती बर्फाने भरून जाते. आणि चिप गेली की पूर्ण युनिटच बदलायचं.

बसवताना दोन प्रकार येतात. एकात प्रोजेक्टरच्या मागे आटे असलेली नळी असते, ती एच४ बल्बच्या भोकातून मागे काढायची आणि नट आवळायचा, भोकामुळे मध्य आपोआप सापडतो. दुसऱ्यात वाटी कापून ब्रॅकेट बनवायचं. पहिला घ्या. नट आवळताना प्रोजेक्टर थोडा फिरतोच, कटऑफ एका बाजूला कलतो, म्हणून काच चिकटवायच्या आधी भिंतीसमोर दिवा लावून रेघ आडवी आहे का ते बघा, शेवटचा आटा आवळल्यावर परत बघा. काच बंद केल्यावर कळलं तर परत सगळं गरम करत बसावं लागतं. चिकटवताना आंबट व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्याच्या वाफेने आतली चकाकी मारली जाते, नवीन ब्युटाइल पट्टीच बरी. हवेचं छोटं भोक बुजवू नका, नाहीतर आत दव धरतं.

दुसऱ्या देशातल्या गाडीचा जुना प्रोजेक्टर स्वस्त मिळाला तर आधी पायरी बघा, म्हणजे कटऑफची रेघ एका बाजूला जिथे वर चढते ती जागा. जिथे रस्त्याच्या डाव्या बाजूने गाड्या चालतात तिथे कटऑफची वर जाणारी पायरी डावीकडेच हवी. उलटी असेल तर समोरच्याच्या थेट डोळ्यात, आणि नुसतं खाली वाकवून ते सुटत नाही.

कायद्याचंही एक आहे. युरोपच्या पठडीतले नियम पाळणाऱ्या देशांत २००० लुमेनच्या वरच्या लो बीमला दिव्याची उंची आपोआप सांभाळणारी यंत्रणा आणि काच धुणारा फवारा लागतो. कस्टम गाडी तपासणीला जाणारच, तेव्हा तुमच्याकडचा नियम आधी वाचा, तपासणीच्या दिवशी नको.

शेवटचं काम दिवा सेट करायचं. सपाट जागा, १० मीटरवर भिंत, दिव्याच्या मधल्या उंचीपेक्षा कटऑफ १० सेंटीमीटर खाली, म्हणजे १ टक्का. गाडी उंच उचललेली असेल तर थोडं आणखी खाली. मोजताना गाडी रोज चालते तशीच असू द्या, टाकी भरलेली, टायरमध्ये हवा बरोबर, सीटवर चालवणारा बसलेला. नवीन स्प्रिंग टाकल्या असतील तर त्या काही आठवड्यांत दबतात, मग परत एकदा भिंतीसमोर लावून स्क्रू फिरवायचा.