उन्हाळ्यानंतर पैदाशीचा बोकड घेताय? आधी हे वाचा

एका व्यापाऱ्याने मला पैदाशीचा म्हणून निकामी बोकड विकला, आणि तक्रार केल्यावर त्याच बोकडाचं आणखी नुकसान करणारं औषधही विकलं.

जूनमधला व्यवहार. उस्मानाबादी, काळाभोर, उंच, अंगाला उग्र वास. व्यापाऱ्याने माजावरच्या शेळीला तो समोरच लावून दाखवला. "याची करडं सगळ्या तालुक्यात आहेत." करडं होती, पण ती हिवाळ्यात भरवलेल्या शेळ्यांची. मे महिन्यात त्याने लावलेल्या शेळ्या उलटल्या होत्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या होत्या, आणि त्यांच्या मालकांनी व्यापाऱ्याला तसं सांगितलंही होतं. हे मला मागाहून त्यांच्याच तोंडून कळलं.

माझ्या शेळ्याही 21 दिवसांच्या आसपास पुन्हा माजावर आल्या. व्यापारी म्हणाला, गर्मी झालीय, ताकदीचं इंजेक्शन द्या. त्याचे वेगळे पैसे घेतले.

पशुवैद्यक डॉक्टरांनी हात लावताच सांगितलं, वृषण मऊ पडलेत. वीर्यात जिवंत शुक्रजंतू नावालाच होते. शेळीचं अंग साधारण 39 अंश असतं; वृषण त्याहून काही अंश थंड राहिले तरच शुक्रजंतू बनतात, म्हणून तर ते बाहेर लोंबतात. मराठवाड्यातल्या मे महिन्यात, पत्र्याखाली बांधलेल्या जनावराला हवाच 42 अंशांची मिळते. वृषणाची पिशवी कितीही सैल सुटली तरी थंडावा येणार कुठून? बनत असलेले शुक्रजंतू मरतात. टेस्टोस्टेरॉन हे नराचं हार्मोन बनवणाऱ्या पेशी मात्र चिवट. हार्मोन थोडंफार घटलं तरी वास राहतो, माज राहतो, बोकड शेळीवर चढतो. नेमकं तेवढंच आपल्याला दाखवलं जातं.

आणि ते इंजेक्शन? बाटलीवर टेस्टोस्टेरॉन लिहिलेलं होतं. बाहेरून ते मिळालं की मेंदू वृषणाला काम करायला लावणारे संदेशच आखडते घेतो. माज वाढतो, शुक्रजंतू आणखी घटतात. मुक्या जनावरावर केलेला हा अन्याय मला पैशांपेक्षा जास्त लागला.

बोकडात शुक्रजंतू घडायला सुमारे 48 दिवस लागतात, मग पक्व व्हायला आणखी काही दिवस. म्हणजे मे महिन्यातल्या उन्हाचा फटका जुलैतही दिसू शकतो. सावली आणि पाणी मिळालं तर बरेचदा बोकड सावरतो. म्हणून पावसाच्या तोंडावर घेताना करडांचं वय विचारा, बोकड उन्हाळ्यात कुठे बांधला होता ते जाऊन पाहा, दोन्ही वृषण सारखे आणि घट्ट आहेत का ते चाचपा, आणि वीर्य तपासून घ्या. निम्मे पैसे शेळ्या गाभण राहिल्यावर द्यायचे, हे कागदावर लिहून घ्या.