बंकरमध्ये फेस उघडा ठेवावा की सरळ?

गोल्फमध्ये बंकर शॉट, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून बॉल बाहेर काढायचा फटका, शिकायला घेतला की एक जण सांगतो फेस उघड, म्हणजे क्लबचा पुढचा सपाट भाग आकाशाकडे वळव, दुसरा सांगतो सरळ ठेव. दोघंही बरोबर असतात, फक्त दोघांच्या डोळ्यांसमोरची वाळू वेगळी असते. खारघरच्या सिडको गोल्फ कोर्सवर खेळणाऱ्याला तर हा फरक वर्षभरात दोन्ही बाजूंनी बघायला मिळतो. फेब्रुवारीत वाळू भुसभुशीत असते, जुलैच्या सरींनंतर तीच दाबून घट्ट बसते.

कोरड्या वाळूत उघडा फेसच. वेजच्या, म्हणजे बॉल उंच उचलणाऱ्या तिरक्या फेसच्या क्लबच्या, तळाचा फुगवटा, म्हणजे बाउन्स, क्लबला वाळूत रुतू देत नाही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी गोल्फपटू जीन साराझेन यांनी तळाला जास्तीचा धातू जोडून असा वेज घडवला आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकली. फेस उघडला की हा बाउन्स आणखी कामाला येतो. मात्र फेस आधी उघडा, ग्रिप मग धरा. ग्रिप धरून नुसतं मनगट फिरवलं, तर वाळूला लागताना फेस पुन्हा सरळ होतो आणि मेहनत पाण्यात जाते. बॉल डाव्या टाचेसमोर, वजन थोडं डाव्या पायावर, पाय वाळूत किंचित रोवलेले. क्लब बॉलच्या साधारण दोन इंच मागे वाळूत शिरला पाहिजे. तो बॉलला लागतच नाही, वाळूचा थर बॉलला उचलून नेतो. म्हणून स्विंग मध्येच थांबवू नका. बहुतेकांचा बॉल बंकरमध्येच राहतो तो इथे, घाबरून हात आखडल्यामुळे.

ओल्या, घट्ट वाळूत हाच बाउन्स अंगाशी येतो. तळ वाळूवर आपटून उसळतो, धार बॉलच्या पोटात बसते आणि बॉल ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतीचं आखूड गवत, ओलांडून पलीकडे जातो. इथे फेस जवळजवळ सरळ आणि स्विंग थोडा आखूड. बॉल कमी उंचीने निघतो आणि पडल्यावर जास्त धावतो, तेव्हा झेंड्याच्या अलीकडेच उतरवायचा हिशेब ठेवा. अर्धा रुतलेला बॉलही सरळ फेसनेच, क्लब वरून खाली आणत काढायचा.

आधी कोणता शिकावा? माझं मत ठाम आहे: उघडा फेस. सरळ फेस त्यानंतर लवकर जमतो, उलट क्रमाने गेलात तर खणायची सवय लागते. सरावाच्या बंकरमध्ये वाळूवर रेघ ओढा, बॉल न ठेवता स्विंग करा आणि खड्डा रेघेवरच सुरू होतो का ते बघा. तो रोज एकाच जागी पडू लागला की मगच बॉल ठेवा. खेळताना मात्र बंकरमधल्या सरावाच्या स्विंगने वाळूला स्पर्श केला तर दंड बसतो.

वेज एकच घ्यायचा असेल तर ५६ अंश तिरक्या फेसचा, बाउन्स १० अंशांच्या आसपास. बाउन्स १४ असलेला फेब्रुवारीत सुख देईल, जुलैत छळेल. ६ चा नेमका उलट.

आणि पावसाळ्यात बॉल बंकरमधल्या साचलेल्या पाण्यातच असेल, तर दोन्ही पद्धती बाजूला ठेवा. नियमाप्रमाणे झेंड्याच्या जवळ न जाता त्याच बंकरमध्ये दंडाशिवाय ड्रॉप मिळतो, म्हणजे बॉल हातातून खाली सोडून तिथून खेळता येतो. बंकरबाहेर, मागे ड्रॉप हवा असेल तर दंड म्हणून एक स्ट्रोक, म्हणजे एक जादा फटका, द्यावा लागतो. आत सगळीकडेच पाणी असेल तर तो एक स्ट्रोक देऊन बाहेर या.